सगळ्यांच्या मागे चालणारे भाऊ

धुळ्याच्या आमच्या निवृत्तांच्या गटात डोंगर चढताना भाऊ नेहमी सगळ्यांच्या मागे असत. "भाऊ, गाडी पंक्चर शे का?" असं कोणी चिडवलं, की म्हणत, "मांगून बठ्ठा दिसतस." मागून सगळे दिसतात, बोलणं तेवढंच.

पितळखोऱ्याच्या लेण्यांना जायचं त्यांनीच सुचवलं होतं. बुद्धाला वाहायची पांढरी फुलं त्यांनी ओल्या रुमालात जपून आणली होती. पाटणादेवीच्या जंगलातून चढताना माझी छाती दाटली आणि मी झाडाला धरून उभा राहिलो. अर्ध्यात थांबेल त्याला पुन्हा बोलवायचं नाही, हा नियम गटप्रमुख म्हणून मीच केलेला. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्यांना हाक दिली, "मन्हा गुडघा दुखस. तुम्ही व्हा पुढे, नाना शेतस मन्हाजोडे." नाना म्हणजे मी, जणू त्यांच्या सोबतीला थांबलेला. फुलं त्यांनी एकाच्या हाती सोपवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

पुढच्या सहलीला त्यांना कोणी बोलावलं नाही. मी गप्प बसलो.

यंदा गट पुन्हा त्याच लेण्यांना निघाला, तेव्हा मी सगळ्यांना खरं ते सांगितलं. आम्ही त्यांना बोलवायला घरी गेलो. भाऊ चहा ओतत शांतपणे म्हणाले, "नाना आते इसरी जातस. गुडघा मन्हाच व्हता."

सगळ्यांनी त्यांचंच खरं मानलं. मला आता विसरायला होतं असं समजून माझ्याकडे मात्र कीव केल्यासारखं पाहिलं. नियमाप्रमाणे गट त्यांच्याशिवाय गेला.

गुडघा त्यांचा धड होता, आजही आहे. ती लेणी त्यांनी अजून पाहिलेली नाहीत.