जुन्या आवृत्तीची पानं

युसूफ वडगाव या गावच्या सुभद्राला कुणी विचारलं, की पुण्यातली नोकरी सोडून का आलीस, तर ती म्हणायची, "आले. पुढं बोला." पुण्यात ती सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची मदतीची पानं लिहायची. इथं दूध संघात तेच काम मिळालं.

२०१९च्या दुष्काळात संघाने चारा छावण्या चालवायला घेतल्या. जनावरांची हजेरी संगणकावर लागायची. उन्हाळा संपायच्या आतच त्या प्रोग्रॅमच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पण पाली, लिंबागणेश या गावांच्या छावण्यांतल्या जुन्या संगणकांवर नवी चालतच नव्हती. मदतीची पानं मात्र सगळीकडे नव्या आवृत्तीचीच दिसायची.

पालीच्या ऑपरेटरने ती वाचून 'बंद' हे बटण दाबलं. नव्या आवृत्तीत त्याने दिवसाची हजेरी बंद व्हायची; जुन्या आवृत्तीत जनावराचं नावच निघून जायचं. तिथल्या धुळाजी या शेतकऱ्याच्या म्हशींना त्या दिवशी चारा मिळाला नाही. तो तडक संघात आला.

"बाई, माझ्या म्हशी दावणीला जित्या हायेत. तुमच्या मशिनीत मेल्या काहून?"

सुभद्राला आधी लाज वाटली, मग राग आला. तिने प्रत्येक आवृत्तीची पानं वेगळी लावली. ज्या गावात जी आवृत्ती, तिथं तिचीच पानं उघडतील अशी सोय केली.

संघाचे अध्यक्ष सुंदरराव भडकले. "जुनी पानं काढून टाक. त्याबिगर लोक नवं घेत न्हाईत."

"नव्याला नवा संगणक लागतो. देताय?"

"दुष्काळात कुठून देऊ?"

"मग पानं राहतील."

"हापिस कुणाचं हाय, पोरी?"

"सभासदांचं."

दुसऱ्या दिवशी तिचा पासवर्ड बंद झाला आणि तिला छावणीत चारा तोलायच्या काट्यावर बसवलं. ती बसली. चारा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने झालेली गोष्ट सांगितली.

वार्षिक सभेत ती उठली. एका गावात जरी जुनी आवृत्ती चालू असेल, तरी तिची पानं काढायची नाहीत, असा ठराव मांडला. सुंदरराव म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर न्हाई."

"माझ्या म्हशी उपाशी ऱ्हायल्या, ते बी पत्रिकेवर नव्हतं!" मागून धुळाजी ओरडला.

पहिल्या रांगेतल्या सभासद छबुबाईंनी अनुमोदन दिलं. मग हात वर होत गेले.

पासवर्ड परत मिळाला. सुंदरराव तिच्याशी बोलेनासे झाले. चौथी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी शिपायाकडून निरोप धाडला, आता तरी जुनं आवर. सुभद्रा पालीला जाऊन आली. तिथला संगणक अजून घरघरत चालत होता. परत येऊन तिने चौथीची पानं लावली, आणि आधीच्या तिन्हींना हात लावला नाही.