इन्यो काउंटी: आटलेलं सरोवर आणि टिश्यूचं पाकीट

लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या इन्यो काउंटीला मी गेलो ते भांडण जिंकायला. मुग्धा, माझी बायको, सिंगापूरच्या एका विद्यापीठात भूजलावर संशोधन करते. तिला लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी मिळत होती. होकार की नकार, सोमवारी कळवायचं होतं. "ज्या शहरानं अख्खं खोरं कोरडं केलं, त्याचं मीठ खायचं?" तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं हे भाषण रोज चाले. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "चल, तुझं ते इन्योचं खोरं बघूनच ठरवू." नऊ वर्षांच्या लेकीला, सईला, घेऊन आम्ही निघालो.

लॉस एंजेलिसहून भाड्याच्या गाडीनं लोन पाइन गाव साडेतीन-चार तास. वाटेतल्या मोहावी गावात टाकी भरून घ्या, पुढे पंप विरळ आणि महाग. ३९५ नंबरच्या रस्त्याला लागलात की डावीकडे सिएरा नेवाडा पर्वताची भिंत, उजवीकडे इन्योचे उघडे डोंगर. अलास्का सोडलं तर देशातलं सर्वांत उंच शिखर याच काउंटीत, आणि सर्वांत खोल जमीनही इथेच, डेथ व्हॅलीत. मधे ओवेन्स सरोवर. नकाशात निळं, काचेतून पांढरंफटक.

मला गाडीत बसवेना. दर दहा मिनिटांनी उतरून मी बोलत सुटलो. शहराच्या माणसांनी गुपचूप गुरं पाळणाऱ्या रँचवाल्यांच्या जमिनी घेतल्या, पाण्याच्या हक्कासकट. नदी कालव्यात घातली. सरोवराचा तळ उघडा पडला, धूळ उडाली. आता ती धूळ दाबायला त्याच शहराला तळावर पाणी सोडावं लागतं!

"बाबा, वी नो ऑलरेडी लाह," सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

सकाळी लोन पाइनच्या हॉटेलात नाश्त्याला गर्दी. मी सवयीनं खिडकीजवळच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि तिघं शिखर बघायला बाहेर गेलो. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, पाकीट ठेवलं की टेबल आपलं. याला चोप करणं म्हणतात. परतलो तर तिथे एक म्हातारी बाई पॅनकेक खात होती.

"हे टेबल आमचं आहे," मी तापलोच. "पाकीट ठेवलं होतं."

तिनं पाकीट उचलून पाहिलं. "हे? मला वाटलं, कोणीतरी विसरलं."

सईनं तिला चोप समजावला. बाई खदखदून हसली. "म्हणजे माणूस नसला तरी जागा त्याची? बसा, चौघं मावू."

ती तिथलीच, पायूट या मूलनिवासी जमातीची. मी लगेच रँचवाल्यांवरच्या अन्यायावर सुरू झालो. तिनं पाक ओतता ओतता विचारलं, "त्या रँचवाल्यांच्या आधी इथे पाट कोणी खणले होते?"

मी मेन्यूकार्ड उचललं. तीच पुढे म्हणाली,

"आम्ही. त्यांनाही वाटलं, जागा रिकामीच आहे. आमचं पाकीट नव्हतं ना टेबलावर."

मग मुग्धाला म्हणाली, "तू काय करतेस?"

"विहिरींची पातळी मोजते. त्या शहरातच बोलावतायत."

"मग ये. भाषणं करणारे इथे रोज येतात." माझ्याकडे न बघता. "मोजलेलं मात्र आम्हालाही दाखव."

"दाखवू दिलं नाही तर?"

"तर भांड. नवरा शिकवेल."

परतीला गाडी मुग्धानं चालवली. धुळीचा पांढरा पट्टा संपेना. मी काच वर-खाली करत राहिलो.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"तू जाणार."

"विचारतोयस?"

"नाही."

सोमवारी तिनं होकार कळवला. विहिरींचे आकडे खोऱ्यातल्या लोकांना खुले राहतील का, हा प्रश्न त्याच पत्रात घातला. उत्तर अजून आलेलं नाही, आणि मी घरात येरझारा घालतोय. ज्यांचं पाणी गेलं त्यांच्यावर अन्यायच झाला, हे मी आजही ओरडून सांगेन. फक्त कुणापासून मोजायला सुरुवात करायची, ते मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये एक टेबल रिकामं दिसलं. "बाबा, चोप कर ना, फास्ट!" सई ओरडली. मी खिशातलं पाकीट काढलं. मग शेजारी कॉफी पीत बसलेल्या आजोबांना आधी विचारलं, "अंकल, इथे कोणी बसलं होतं का?"