न धुतलेलं फुलपात्र

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय ते तुमच्यावर फार भरवसा आहे म्हणून नव्हे — तुम्ही काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत राहत नाही, एवढंच कारण. आणि तुम्ही मला माफ करावं अशीही अपेक्षा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटाकडे त्याची वाट बघत बसू नका.

सुरुवात युरोपातून करावी लागेल. मला शिष्यवृत्ती मिळाली होती — युरोपीय संस्कृतीचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. पहिलं वर्ष उत्तरेकडच्या एका गावात, जिथे दुपारचा चहा होईतो अंधार पडे. दुसरं दक्षिणेकडच्या एका गावात, जिथे दुपारभर सगळं गाव झोपे. आम्ही नाना देशांचे विद्यार्थी, आणि सगळ्यांनी युरोपचा अभ्यास करायचा. निदान माहितीपत्रकात तरी तसं छापलं होतं.

मला तिकडच्या कॉफीघरांवर प्रबंध लिहायचा होता. एका कपावर तासन्‌तास बसून लोक राज्यं कशी उलथवतात, यावर. काशीत वाढलेल्या माणसाला हा विषय काही परका नाही. आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज एक सरकार पडतं. पण मी ‘वाराणसी’ म्हटलं रे म्हटलं, की समोरच्याचे डोळे ओलावत. बर्लिनच्या मुलाने फ्रेंच बागांवर लिहिलेलं चालत होतं, पोलंडच्या मुलीने इटलीतल्या भित्तिचित्रांवर. मी मात्र ‘माझ्याकडचं’ काहीतरी आणायचं. काहीतरी जिवंत, काहीतरी प्राचीन. जणू मी विमानातून उतरले ती डोक्यावर गाठोडं घेऊनच.

असं म्हणणाऱ्या आमच्या प्राध्यापिका. त्यांना इथे नुसतं ‘बाई’ म्हणते. बाई मनाने चांगल्या होत्या — आणि चांगल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. त्यांच्या तासाला ‘निरोप’ असा विषय निघाला. एकेकाने आपापल्याकडची रीत सांगितली. माझी पाळी आली. गंगेवरचे दिवे सांगावेत, तर ते त्या सगळ्यांनी आधीच पाहिलेले होते — बहुतेकांनी उशांच्या अभ्र्यांवरसुद्धा.

मला चीड आली. आणि त्या चिडीत मी तिथल्या तिथे एक प्रथा तयार केली.

मी म्हटलं, आमच्या घाटांवर जुनी मराठी वस्ती आहे. तिथे घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं, की ज्या पेल्याने ते शेवटचं प्यालं तो पेला घरातली बाई धुवत नाही. तसाच उष्टा, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवते. माणूस परत येईपर्यंत.

वर्गातल्या दोघातिघांनी ते वहीत लिहून घेतलं. मग बाईंनी चष्मा काढला.

यातला विनोद तुम्हाला कळायचा, तर आमचं घर कळायला हवं. आई मी लहान असतानाच गेली, वडील रेल्वेत, कायम बदलीवर. मला वाढवलं काकूने. काकूचं सोवळं म्हणजे काय सांगू — आमच्याकडे फुलपात्राला ओठ लावून कुणी पाणी प्यालं नाही कधी. वरून प्यायचं. ओठ टेकला की भांडं उष्टं, आणि उष्टं भांडं थेट मोरीत. ते स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवायचं? काकूने आधी मला गंगेत बुचकळून काढलं असतं, मग कोनाडा. माझ्या घरात जे होणं सर्वांत अशक्य, तेच मी आमची परंपरा म्हणून खपवलं.

या पहिल्या खोट्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. स्पष्टच सांगते. कितीतरी प्राचीन परंपरा कुणीतरी शांतपणे बसून रचलेल्या असतात, हे त्याच अभ्यासक्रमात मला शिकवलं गेलं होतं. मग रचणारा नेहमी मेलेलाच असायला हवा का? माझ्यासारख्या जिवंत बाईने रचली तर काय बिघडलं? त्यांना माझ्याकडून काशी हवी होती. मी त्यांना काशी दिली. प्रबंध त्याच फुलपात्रावर झाला, त्याचं भरपूर कौतुक झालं, आणि त्याच्या जोरावर परत आल्यावर मला इथल्या एका कॉलेजात नोकरी लागली. तिथे मी युरोपचा इतिहास शिकवते. हसा खुशाल.

इथवर मी हे चार जणांत गंमत म्हणूनही सांगू शकले असते. नाही का?

पण बाई काशीला आल्या. थंडीचे दिवस होते. निरोपाच्या रीतींवर त्यांचं पुस्तक चाललं होतं, आणि त्यांना काकूला भेटायचं होतं. मी कोनाड्यात दाखवण्यापुरतं एक फुलपात्र ठेवलं — धुतलेलंच, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या. काकूला वाटलं, परदेशातल्या मास्तरीणबाई आपली भांडीकुंडी बघायला आल्यात. तिने आनंदाने फुलपात्र हातात घेऊन फोटो काढू दिला. मग बाईंनी विचारलं, हे न धुता ठेवताना तुम्हाला काय वाटतं?

मी काकूला मराठीत विचारलं, “काकू, कुणी उष्टं भांडं तसंच ठेवलं तर?”

काकू उसळली. “इश्श! असला गंदा प्रकार कोण करतं? सांग हिला, उष्टं सांभाळणाऱ्या बाईच्या हातचं आमच्याकडे कुणी पाणीसुद्धा पिणार नाही. बेकार काहीतरी विचारते!”

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं — काकू म्हणते, जोवर मी हे धुवत नाही, तोवर पोरगी पुरती गेलेली नाही.

बाईंनी काकूचा हात हातात घेतला. काकूने तो घेऊ दिला, आणि त्या गेल्यावर पुन्हा आंघोळ केली.

पुस्तक आलं. त्यात काकूचा फोटो, खाली ते वाक्य, काकूच्या नावाने. ते तिकडेच राहिलं असतं तर निभावलं असतं. पण इथल्या एका हिंदी वर्तमानपत्राला त्याचा पत्ता लागला. काशीच्या मराठी गल्लीतली अनोखी परंपरा — फोटोसकट. सकाळी दूधवाल्याच्याही आधी ती बातमी गल्लीभर फिरली.

घाटावरच्या एका देवळात उत्सवाचा नैवेद्य काकू करायची. सोवळ्यात, पुरणावरणाचा, माझ्या आठवणीआधीपासून. काकूला दागिन्यांची हौस नव्हती, तीर्थयात्रेची नव्हती. इथे राहून आणखी कुठे जायचं, म्हणायची. तिचा मान म्हणजे तो नैवेद्य. त्या वर्षी देवळाचे कारभारी घरी आले. पायरीवरच उभे राहिले. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले.

“काकू, यंदा तुम्ही तकलीफ घेऊ नका. वय झालं आता.”

“वय माझं झालंय, बापूसाहेब. पुरणाचं नाही.”

“नाही, म्हणजे... ते पेपरात आलंय ना. लोक बोलतात. आपण काय, देवाच्या नोकरीत.”

हेच बापूसाहेब रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी मातीच्या कुल्हडाला ओठ लावून चहा पितात. पण त्यांच्यावर राग काढून मला सुटका नको आहे. त्यांनी जे केलं ते वर्तमानपत्र वाचून केलं. मी?

आता तिथेच आले आहे — ज्याच्याभोवती मघापासून फिरतेय.

ते गेल्यावर काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. तिने माझ्यावर आरोप केला नाही. नुसतं विचारलं, “मंजू, मी असं म्हटलं होतं का गं?”

एक ‘नाही’ पुरलं असतं. काकूने मला बडबड बडबडलं असतं, देवळात जाऊन सगळ्यांसमोर माझा उद्धार केला असता, आणि पुरण शिजलं असतं. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. बाईंचं शिफारसपत्र त्याच आठवड्यात यायचं होतं.

मी म्हटलं, “तूच म्हणालीस, काकू. विसरलीस का?”

तिने कोनाड्याकडे बघितलं. मग म्हणाली, “असेल बाई.”

झालं. यापुढे सांगण्यासारखं फार नाही, आणि जे आहे ते सगळं त्या ‘असेल’मधून आलेलं. काकू भाजीत मीठ घातलं का म्हणून विचारू लागली. गॅस बंद केल्यावर पुन्हा बघून येऊ लागली. पाठ असलेलं स्तोत्र मध्येच थांबवून माझ्याकडे बघायची — बरोबर आहे ना? मी तिला डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं! डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने स्मरणशक्ती छान आहे, काळजीचं काही नाही. रिक्षात परत येताना काकू म्हणाली, “डॉक्टर चांगला आहे. मन राखतो.” मी रस्त्याकडे बघत बसले. नोकरी तोवर पक्की झाली होती. तेव्हा कशाची भीती होती? कशाचीच नव्हती. तरी बोलले नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर मी एका परिषदेसाठी पुन्हा युरोपात गेले. निघताना गडबडीत काकूने हातात ताक दिलं, आणि मी घाईत ओठ लावून प्याले. ती काही बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परत आले, बॅग ठेवली, पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. कोनाड्यात माझं फुलपात्र होतं. काठाला वाळलेल्या ताकाची पांढरी रेघ, त्यावर माझ्या ओठांची खूण. शेजारी काकू ओलेत्याने पोळ्या लाटत होती — त्या उष्ट्या भांड्याच्या हाताभर अंतरावर, रोज लाटत आली असणार.

“आलीस?” ती म्हणाली. “आता धुते. तू येईपर्यंत धुवायचं नाही, मीच म्हटलं होतं ना त्या बाईला.”

तिने फुलपात्र उचललं, मोरीत नेलं, राखेने घासलं. दोनदा. मी दारात उभी होते, ओठाला ओठ चिकटवून.

काकू आहे अजून. आत्ता खाली तांदूळ निवडतेय.