बॅटरी न निघणारा लॅपटॉप

“पाटील सर, आठवा फॉर्म का गेला नाही, एवढंच मला सांगा,” देसले मॅडम म्हणाल्या.

मॅडम आमच्या संस्थेच्या संचालक आणि मी आयटी इनचार्ज. ऑफिस नंदुरबारला. सातपुड्यातल्या सहा गावांत आमची केंद्रं आहेत, तिथे लोकांचे सरकारी फॉर्म भरून दिले जातात. प्रत्येक केंद्रावर एक ऑपरेटर आणि एक लॅपटॉप. त्यातल्या एका केंद्रावरून नर्सिंगच्या प्रवेशाचे आठ ऑनलाइन फॉर्म जायचे होते. सात गेले. आठवा राहिला आणि तारीख उलटली.

राहिलेला फॉर्म कुणा परक्याचा नव्हता. त्या केंद्राच्या ऑपरेटरचा, रोशनीचाच होता. रोशनी पावरा समाजातली, बारावी सायन्स झालेली. आमच्याकडे तीन वर्षं काम करून तिने फीचे पैसे जमवले होते. त्या वर्षी प्रवेश घेणार म्हणून तिने आम्हाला चार महिने आधीच सांगून ठेवलं होतं.

“लॅपटॉप बंद पडला,” मी म्हणालो. “तिने चार्ज करून ठेवला नव्हता.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग लेखी द्या. फाइलला लागेल.”

मी दिलं. ‘ऑपरेटरने लॅपटॉप वेळेत चार्ज न केल्यामुळे फॉर्म सादर होऊ शकला नाही.’ खाली सही, तारीख. रिपोर्ट टाइप करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. आज ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो. सुरुवात माझ्या आवडीपासून झाली.

मला जाड वस्तू बघवत नाहीत. माझं पाकीट पातळ, घड्याळ पातळ, घरचा टीव्ही भिंतीला चिकटलेला. बायको म्हणते, तुम्ही भाकरीसुद्धा पातळ मागता. आमच्या केंद्रांवरचे जुने लॅपटॉप मला डोळ्यांसमोर नको व्हायचे. काळे, जाडजूड, कोपरे झिजलेले. मी त्यांना ‘पाटा’ म्हणायचो. वरवंटा तेवढा मागवायचा राहिलाय, असा माझा ठरलेला विनोद होता.

नवीन लॅपटॉप घ्यायला निधी आला तेव्हा स्पेक लिहायचं काम माझ्याकडे आलं. स्पेक म्हणजे कसली वस्तू हवी त्याची यादी. त्या यादीत जे लिहाल तेच येतं आणि जे विसराल ते येत नाही. मी मन लावून यादी केली. वजन सव्वा किलोच्या आत. बॉडी मेटलची, रंग चंदेरी. स्क्रीन ग्लॉसी. ग्लॉसी म्हणजे काचेसारखी चकचकीत. तिच्यावर रंग सुरेख दिसतात, पण उजेड पडला की आपलंच तोंडही दिसतं. जुन्या पाट्याची स्क्रीन मॅट होती, म्हणजे खरबरीत, निस्तेज. मॅट स्क्रीन दिसायला गरीब, पण उन्हात वाचता येते. हा फरक मला पुरता ठाऊक होता. तरी मी ग्लॉसी लिहिलं, कारण मी ऑफिसात बसतो.

पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी आतच बसवलेली असते. स्क्रू काढल्याशिवाय निघत नाही. जुन्यात खाली एक खटका असायचा, तो सरकवला की बॅटरी हातात.

मॅडमनी यादी बघून एवढंच विचारलं, “आपल्या लोकांना चालतील ना हे?”

“मॅडम, चालतील काय, पळतील,” मी म्हणालो.

ट्रेनिंग नंदुरबारला आमच्या हॉलमध्ये ठेवलं. सहाही ऑपरेटर आले. खोक्यांतून लॅपटॉप निघाले, फोटो झाले, ट्रस्टींनी कौतुक केलं. माझी छाती फुगली होती. मी फीचर्स सांगत होतो आणि रोशनीने लॅपटॉप उलटा केला. ती खालून बोट फिरवून काहीतरी शोधत होती.

“सर, याची बॅटरी कशी काढायची?”

“रोशनी, हा लॅपटॉप आहे,” मी म्हणालो. “टॉर्च नाही, सेल काढायला!”

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. वर आणखी म्हणालो, “पाट्याची सवय लागली की असं होतं.” पुन्हा हशा. रोशनीने लॅपटॉप दोन्ही हातांनी सुलटा केला, झाकण लावलं आणि दिवसभरात दुसरा प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, तिला समजलं.

ट्रेनिंगच्या शेवटी मी एक नियमही काढला. नवीन लॅपटॉप नाजूक आहेत, जीपच्या धक्क्यांत स्क्रीन तडकेल. म्हणून माझ्या लेखी परमिशनशिवाय लॅपटॉप जीपमधून हलवायचा नाही. सहाही जणांच्या सह्या घेतल्या. हा नियम मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता.

मग जुलै आला. वादळात रोशनीच्या गावाकडचे विजेचे खांब पडले आणि तीन दिवस लाइट नव्हती. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला.

“सर, लॅपटॉपमध्ये चाळीसच टक्के आहे. आठ फॉर्म आहेत, पाड्यांवरच्या पोरी चालत यायला निघाल्यात. जीप आता खाली चाललीये. लॅपटॉप देऊन पाठवू का? तळोद्याला चार्ज करून दुपारच्या जीपने परत येईल.”

माझ्यासमोर प्रिंटर उघडा पडलेला, बोटं शाईने काळी. मी म्हणालो, “जीपमध्ये नको गं. नियम माहीत आहे ना? परमिशनचा मेल टाक, बघतो.”

“बरं सर,” ती म्हणाली. मेल आला नाही. मीही विसरलो. शेवटची तारीख आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी विसरलो.

चार दिवसांनी मॅडमनी मला विचारलं आणि मी तो रिपोर्ट लिहिला. फोनचा उल्लेख त्यात केला नाही.

रिपोर्ट दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “एकदा वर जाऊन लॅपटॉप तपासून या.” मला आठ वर्षं झाली होती या नोकरीत. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या तळोद्याच्या वर मी कधी गेलो नव्हतो. मी शहाद्याकडच्या सपाटीवरचा माणूस. घराच्या गच्चीवरून रोज सातपुडा दिसतो, तेवढ्यावर मला तो माहीत आहे असं मी धरून चाललो होतो.

तळोद्याला जीपमध्ये पुढे बसलो. हिंमतभाऊ ड्रायव्हर, त्या रस्त्यावरचे जुने. मी कोण हे कळल्यावर ते आपणहून बोलले.

“साहेब, ती जुनी बॅटरी आते कोठे शे?”

“कुठली बॅटरी?”

“जुना लॅपटॉपनी. दोन बॅटऱ्या व्हत्यात ना रोशनीजोडे. मी दर बाजारले एक लई जाऊ. भरेल वर, रिकामी खाले. तयोदाले मन्हा भाऊनं दुकान शे, तठे चार्जिंगले लावूत. लाइट ऱ्हावो नहीतं नको ऱ्हावो, तिन्हं काम कधी थांबनं नही. आते तुम्हीन नवं मशीन दिन्हं, मन्हं ते काम बंद व्हई गयं.”

तीन वर्षं ही पोरगी आणि हा ड्रायव्हर मिळून एक बॅटरी घाटात वरखाली करत होते आणि आमच्या ऑफिसला त्याची खबर नव्हती. महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तो रिपोर्टचा नमुनाही मीच बनवलेला.

ट्रेनिंगमध्ये तिला हेच सांगायचं होतं. बॅटरी निघत नसेल तर जीपने काय पाठवू, असा तो प्रश्न होता. मी पहिल्याच वाक्याला हसलो आणि दुसरं तिने गिळून टाकलं.

काठी गावाच्या अलीकडे उतरून आम्ही चालत गेलो. हिंमतभाऊंचं तिथे कुणाकडे तरी काम होतं, तेही बरोबर आले. रोशनी केंद्रातच होती. राग नाही, रडणं नाही. लाइट आली होती. लॅपटॉप नव्यासारखा पुसलेला, वर धुतलेल्या फडक्याचं पांघरूण. आम्ही दिलेली प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा तिने जपून ठेवली होती.

“फॉर्म कुठे बसून भरलेस?” मी विचारलं.

“वर, सर. नेटवर्क तिथंच येतं.”

ती मला मागच्या टेकडीवर घेऊन गेली. माथ्यावर एक सपाट दगड होता. पाऊस उघडून ऊन तापलं होतं. मी लॅपटॉप दगडावर ठेवून उघडला. स्क्रीनमध्ये आभाळ दिसलं, माझं घामेजलेलं तोंड दिसलं आणि अक्षर एकही दिसलं नाही.

“ब्राइटनेस पूर्ण करायची, सर. आणि डोक्यावरून चादर घ्यायची. मग थोडं दिसतं,” ती म्हणाली. “पण ब्राइटनेस वाढवली की बॅटरी लवकर खाली येते.”

“सात फॉर्मना किती वेळ लागला?”

“अडीच तास. आठवा उघडला, नाव टाकलं आणि बंद पडला.”

“तुझा पहिला का नाही भरलास?”

तिला तो प्रश्न विचित्र वाटला असावा. “पोरी लांबून चालत आलेल्या, सर. मी तर इथंच होते.”

मला तिच्याकडे बघवेना. मी तो चंदेरी लॅपटॉप उगाच बंद केला, पुन्हा उघडला. रिपोर्टबद्दल तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. “बघतो काय करता येतं,” एवढंच पुटपुटलो. पुन्हा तेच ‘बघतो’.

खाली उतरल्यावर तिने मला आणि हिंमतभाऊंना घरी चहाला नेलं. आई ओसरीवर मक्याचे दाणे निवडत होती. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि पावरीत रोशनीला काहीतरी विचारलं. रोशनीने थोडक्यात उत्तर दिलं. आईने मान हलवली आणि मला बसायला खाट सरकवली. चहा गोड होता. मी दोनदा चांगला झालाय म्हणालो.

परतीच्या वाटेवर पुन्हा हिंमतभाऊंच्या शेजारी बसलो. मी विचारलं, “तुम्हाला पावरी येते ना? ती आई काय म्हणत होती?”

“जाऊ द्या साहेब.”

“सांगा हो.”

त्यांनी गिअर बदलला. “तिनी मायनी इचारं, ‘पोरले हसना तो साहेब हाऊच का?’”

माझे कान तापले. “मग रोशनी काय म्हणाली?”

“सांगं, ‘नही, तो दुसरा. ह्या चांगला शेतस.’”

वय बावन्न, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि त्या जीपमध्ये मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. त्या पोरीने माझ्या चुकीने वर्ष घालवलं होतं. वर स्वतःच्या घरी आईशी खोटं बोलून माझी लाजही तिनेच राखली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मी मॅडमसमोर उभा राहिलो. “तो रिपोर्ट खोटा आहे,” म्हणालो आणि सगळं सांगितलं. फोन सांगितला, मेल सांगितला, टॉर्चचा विनोदही सांगितला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “पॉवर बँकवर चालतात ना हे लॅपटॉप? मग ती का नव्हती?”

“स्पेकमध्ये लिहिली असती तर आली असती. मी लिहिली नाही.”

“आणि ग्लॉसी का घेतली?”

“चांगली दिसते म्हणून.”

एवढं खरं उत्तर मी त्या ऑफिसात त्याआधी दिलेलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडून नवीन रिपोर्ट लिहून घेतला आणि जुना माझ्याच हाताने फाडायला लावला. मला मेमो मिळाला. तो योग्यच होता. मॅडमनी कॉलेजला पत्र दिलं, फोन केले. पोर्टल बंद झालं होतं, ते उघडलं नाही. रोशनीचं वर्ष गेलं ते गेलंच.

भंगारात द्यायला काढलेले सहाही पाटे स्टोअरमध्ये पडून होते. रोशनीचा मी शोधला. झाकण सैल झालेलं, त्याला रबर लावलेलं. दोन्ही बॅटऱ्यांवर तिच्या अक्षरात कागद चिकटवलेले होते, ‘१’ आणि ‘२’. मी तो स्वतः वर नेऊन दिला आणि टेकडीवर तिला रिपोर्टचं सांगून माफी मागितली. ती “ठीक आहे सर” म्हणाली आणि आधी खटका सरकतो का ते बघितलं.

या वर्षी तिचा फॉर्म त्याच पाट्यावरून गेला, पहिल्याच दिवशी. प्रवेश मिळाला. जाण्याआधी ती केंद्राचा चार्ज सोपवायला नंदुरबारला आली. तेव्हा मी पुढच्या खरेदीची स्पेक तयार केली होती. त्यात मॅट स्क्रीन होती, निघणारी बॅटरी होती, जाडी कितीही चालेल असं लिहिलं होतं. खाली नवीन ओळ होती, ‘वापरणाऱ्याची सही’. तिने यादी पूर्ण वाचली. रंगाच्या रकान्याशी थांबली.

“सर, रंग काळा नको. उन्हात तापतो. चंदेरीच बरा.”

मी रंग बदलला. तिने सही केली.

तेव्हा मला तिला सांगायचं होतं की हसलो तो दुसरा नव्हता, मीच होतो. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला बोलता आलं नाही आणि तिची बस लागली होती.

वस्तू घेताना ती जिथे वापरायची तिथे आधी तासभर बसून यावं, एवढं मी यातून शिकलो. आता मी तसा जातो. दगडावर बसतो, स्क्रीन उघडतो, आधी आपलं तोंड दिसतंय का बघतो. रिपोर्टची माफी मागून झाली. हसण्याची अजून मागायची आहे.