पळीभर तेल

वरवे बुद्रुकच्या चंद्राबाईच्या घरात कुठलंच भांडं कधी खडखडीत रिकामं झालं नाही. पिठाच्या डब्यात मूठभर पीठ, तेलाच्या किटलीत तळाशी पळीभर तेल राहायचंच. नवं आलं की त्यावरच ओतायचं. भांडं पुरतं रिकामं केलं की घरातली बरकत जाते, असं माहेरी, विंझरला, तिची आई सांगायची. नवरा गेला, दीर वेगळे झाले, तरी चूल कधी थंड पडली नाही. ते आपल्या कष्टांमुळे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. ती त्या तळाच्या तेलालाच हात जोडायची.

महामार्गालगतच्या चकलीच्या कारखान्यात तळणीचं काम तिच्याकडे होतं. मालक इंद्रजितसाहेबांचा माल परदेशी जायला लागला, तशी तिकडच्या गिऱ्हाइकानं अट घातली. पामतेल जंगल तोडून लावलेल्या बागांमधलं नको, तसं प्रमाणपत्र हवं, आणि त्या तेलात साधं तेल थेंबभरही मिसळता कामा नये. बायकांनी लगेच नाव पाडलं, सोवळ्यातलं तेल! पुण्याहून आलेल्या माणसानं पडद्यावर उजाड झालेली जंगलं दाखवली, पिल्लाला पोटाशी धरून बसलेली माकडीण दाखवली. बाकीच्या खुदुखुदू हसल्या. चंद्राबाईनं मात्र त्या दुपारी डबा उघडलाच नाही. कारखान्यामागच्या डोंगरावर तेव्हा साहेबांच्याच बंगल्यांसाठी जेसीबी हिरड्याची झाडं उपटत होता. त्याचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नव्हतं.

सोवळ्यातलं तेल आलं त्या दिवशी टाकी धुवायचं काम चंद्राबाईनं आपणहून अंगावर घेतलं. कढत पाणी ओतून, आत वाकून, कोरड्या फडक्यानं तिनं टाकी लख्ख पुसली. मग बाजूला काढून ठेवलेलं जुनं तेल पळीभर तळाशी सोडलं, हात जोडले आणि नवं तेल आत घ्यायला सांगितलं. आपण काही वावगं करतोय, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

प्रमाणपत्रासाठी तपासनीस आले. सगळं बघून खूश झाले. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "नवं तेल भरताना टाकी पूर्ण रिकामी होती ना?"

"पार रिकामी कशी ठिवीन, सायेब?" चंद्राबाई कौतुकानं म्हणाली. "पळीभर जुनं ठिवलं व्हतं की तळाला!"

तपासनिसांचा चेहरा पडला, साहेबांचा लालभडक झाला. प्रमाणपत्र अडलं, परदेशचा माल गोदामातच राहिला.

"पळीभर तेलानं माझं वाटोळं केलंस," साहेब सगळ्यांदेखत ओरडले. "उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकू नकोस."

तिला गेटपर्यंत पोचवायला अश्विनी आली. अश्विनीला या कामाला चंद्राबाईनंच लावलं होतं; आता ती मुकादम झाली होती. "मावशी, व्हय म्हनायचं नुस्तं. कुनाला कळलं असतं?"

"खोटं सांगू व्हय ग?" एवढंच चंद्राबाई म्हणाली. कढईशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि पन्नाशीपुढच्या बाईला नवं काम कोण देतो? ती लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. तापल्या तेलापुढं आयुष्य काढलेली ती बाई उन्हाला मात्र पार वैतागून गेली.

दिवाळीच्या तोंडावर अश्विनी घरी आली. चंद्राबाई चूल पेटवून सणाचं तळण काढायला बसत होती.

"मावशी, प्रमानपत्र मिळालं बगा. दुसऱ्या परकारचं हाय. ह्याच्यात दोन्ही तेलं एकाच टाकीत वतली तरी चालतं. चांगलं तेल जेवढं घेतलं, तेवढ्याच मालावर शिक्का मारायचा."

"मिसाळलं तरी चालतं?"

"व्हय. तिकडच्या गिऱ्हाइकालाबी, साऱ्यांनाच चालतंय."

चंद्राबाईचा हात थांबला. तिचे डोळे एकदम उजळले. "मंग मला बोलावलंय?"

अश्विनी जमिनीकडं बघत राहिली. "म्या इचारलं, मावशी. सायेब म्हनले, नियम मोडनारी बाई पुन्यांदा नगं."

चंद्राबाईला हसू आलं, आणि ते हसू इतकं कडू होतं की अश्विनी उठून उभी राहिली. चंद्राबाईनं किटली उचलली आणि कढईवर उपडी केली. धार संपली, थेंब संपले, तरी तिनं ती सरळ केली नाही.

"मावशी, तळाला ऱ्हाऊ द्या की थोडं!"

"कशाला?" चंद्राबाई म्हणाली, आणि किटलीच्या बुडावर तिनं जोरात थाप मारली.