मांडी घालता येईल असा पट्टा

माझ्या नांदेडच्या शेडमध्ये आज हर्नियाचे पट्टे शिवले जातात. लोक विचारतात, शाळेची दप्तरं शिवणारा माणूस या धंद्यात कसा शिरला? मी सांगतो, नफा दिसला. विचारणाऱ्याला ते लगेच पटतं आणि तो पुढचं काही विचारत नाही. खरं कारण उदगीरला राहतं. ते म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा.

अण्णा उदगीरच्या एका आडतीवर मापाडी होते. पोती उचलायची, थप्पी लावायची, वजन करायचं. वडील गेल्यावर त्यांनी मलाही त्याच आडतीवर लावलं. एकदा तुरीचं एक पोतं माझ्या हातून फाटलं. मालकाने सगळ्या बाजारासमोर मला शिव्या दिल्या, ते मी ऐकून घेतलं. मग तो आमच्या मेलेल्या वडिलांवर गेला. मी त्याची कॉलर धरली. अण्णा धावत आले, माझा हात सोडवला आणि माझ्यादेखत मालकापुढे हात जोडले. म्हणाले, "लेकरू हाय, पदरात घ्या." मला तेव्हा मिशा फुटल्या होत्या. त्याच आठवड्यात मी उदगीर सोडलं. मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. ज्याने आपल्या बापाला शिवी दिली त्याला हात जोडायचे नसतात.

नांदेडला फुटपाथवर पिशव्या विकल्या, मग दप्तरं शिवली, मग शेड घेतली, मग घर बांधलं. वास्तुशांतीला अण्णा आले. उंबऱ्यातच उभे राहिले, नारळ दिला, माझ्या बायकोच्या हातचं पाणी प्यायले आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले. आत पंगत बसलेली होती. त्यांचं पान वाढून ठेवलं होतं, कडेला हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी होती. ते पान त्या दिवशी उचललं गेलं, पण माझ्या डोक्यातून ते अजून उचललेलं नाही.

पुढे काही वर्षांनी वहिनींचा फोन आला. अण्णांच्या जांघेत गाठ दिसते, उभं राहिलं की येते आणि आडवं झालं की जाते. मी त्यांना नांदेडला बोलावून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, खरा इलाज ऑपरेशनच. पण अण्णांचं हृदय कमजोर निघालं, भूल देणं धोक्याचं होतं. ते सुधारेपर्यंत पट्टा वापरा म्हणाले. आडवं व्हायचं, गाठ आत जाऊ द्यायची आणि मगच पट्टा बांधायचा. पट्ट्याने दुखणं बरं होत नाही, नुसतं आवरून धरलं जातं. गाठ कडक झाली, दुखायला लागली, उलटी झाली तर घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा. अण्णा मान हलवत होते. दवाखान्यापासून माझं घर रिक्षाने जवळ. अण्णा दवाखान्यातूनच बसस्टँडला गेले.

जाण्याआधी दवाखान्यासमोरच्या दुकानातून मी पट्टा घेऊन दिला होता. इतकी घासाघीस केली की दुकानदाराने वैतागून माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला. पट्टा म्हणजे रेक्झीनमध्ये गुंडाळलेली पोलादी पट्टी, पुढे कॅरमच्या स्ट्रायकरसारखी टणक गादी आणि पायातून घ्यायचा एक बंद. उभ्या माणसाला तो ठीक होता.

महिन्याभरात वहिनींनी कळवलं की अण्णा आता खुर्चीवर बसून पूजा करतात. ज्याने अण्णांची पूजा पाहिली नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. आंघोळ करून, भस्म लावून, मांडी घालून बसायचं, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घ्यायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. तोवर पाण्याचा थेंब नाही. आई गेली त्या सकाळीही त्यांनी हे चुकवलं नव्हतं. आता खुर्चीवर ते लवकर उरकायला लागले. लग्नांना जाणं सोडलं. गेले तर सगळे खाली पंगतीत आणि हे भिंतीजवळ खुर्चीवर, हातात ताट. वहिनी म्हणाल्या, "दावणीचं सोडून जनावर बाजूला बांधल्यावानी वाटतंय त्यांला."

मी उदगीरला गेलो. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, मांडी घालता येईल असा पट्टा मी करून देतो, पण त्याची किंमत पडेल.

"काय किंमत?"

"माझ्या घरी यायचं. खाली मांडी घालून पोटभर जेवायचं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं एकाच आडतीवर शिकलेलो.

"आधी माल दाव," ते म्हणाले. "नमुना बघितल्याबिगर सौदा व्हत न्हाई."

म्हणजे नाही म्हणाले नाहीत. मी परतीच्या बसमध्येच हिशोबाच्या कागदामागे आकृत्या काढायला लागलो.

बाजारातून तसाच आणखी एक पट्टा मी आणला आणि स्वतःच्या पँटवरून बांधून शेडमध्ये खाली बसलो. शिवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "सायेब, बाळंतिणीला बी असाच बांधतेत. पोरगा का पोरगी?" मी तिच्यावर ओरडलो, पण बसून राहिलो, कारण दोष सापडला होता. मांडी घातली की मांडी पुढच्या पट्टीला वर ढकलते. पट्टीबरोबर गादीही वर सरकते आणि जिथे दाब पाहिजे तिथे काहीच राहत नाही. पायातला बंद मात्र जांघेत रुततो. हा पट्टा खुर्चीवर बसणाऱ्याने खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेला होता.

मी गादी पुढच्या पट्टीपासून तोडली. तिला स्वतःचे दोन तिरके बंद दिले आणि ते मागे, कमरेच्या हाडाजवळ नेऊन बसवले. आता पुढची पट्टी वर गेली तरी गादी जागा सोडत नव्हती. पोलाद काढून बाजूंना रुंद इलॅस्टिक घातलं. स्ट्रायकर फेकला आणि चपलेच्या तळाला वापरतात तो फोम पसरट कापून घेतला. पायातला बंद कापडी, मऊ केला. पहिल्या नमुन्याला वेल्क्रो होता. अण्णांनी तो एकदाच ओढून बघितला. फर्रकन आवाज आला. म्हणाले, "मठात प्रवचन चालू असताना जरा आवळला न्हाईतर ढिला केला, तर म्हाराज थांबून माझ्याकडं बघतील." ते बरोबर होतं. मी दप्तराच्या खांद्याच्या पट्ट्याला असतं ते बक्कल लावलं. ओढलं की घट्ट, कड उचलली की सैल, आणि आवाज नाही.

तरीही पट्टा फसत होता. संध्याकाळी माझ्यासमोर अण्णा आडवे होऊन पट्टा बांधत, मांडी घालत, उठत, बसत, सगळं व्यवस्थित. मी नांदेडला पोचलो की दुसऱ्या सकाळी वहिनींचा फोन, की गाठ बाहेर आलीय, दुखून राहिलंय. मी गादी मोठी केली, लहान केली, बंदाचा कोन बदलला. प्रत्येक वेळी संध्याकाळी पास आणि सकाळी नापास. मला वाटायला लागलं की अण्णांना सौदा मोडायचा आहे. फोनवर मी वहिनींना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "भावजी, एक सकाळ राहून बघा की. नुसती संध्याकाळची वसुली करून जाता."

मी राहिलो. पहाटे अण्णा उठले, पट्टा काढून खुंटीला लावला, आंघोळीला गेले. ओले तसेच आले, धोतर नेसले आणि दाराआड उभ्या उभ्याच आधीच्या नमुन्यातला एक धुतलेला पट्टा बांधायला लागले. गाठ बाहेर, तिच्यावर गादी, आणि वरून बक्कल आवळणं चाललं होतं. मी ओरडलो तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. डॉक्टरने काय सांगितलं होतं? आडवं व्हायचं, आडवं!

अण्णा शांतपणे म्हणाले, "आंघोळ झाल्यावर आंथरुणाला कसं शिवू? मडी मोडते."

ही आमच्या घरची शिस्त. आईने घालून दिलेली. आंघोळीनंतर पूजा होईपर्यंत माणूस मडीत असतो. अंथरूण, पारोसे कपडे, कशालाही हात लावायचा नाही. मी त्याच घरात वाढलो होतो, पण इतकी वर्षं नांदेडच्या धंद्यात घालवल्यावर हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. रात्रभर अंगावर असलेला पट्टा पूजेला चालणार नाही, आणि धुतलेला बांधायला आडवं होता येणार नाही. मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाही? तर म्हणाले, त्यात सांगायचं काय, सगळ्यांच्या घरी असंच असतंय.

वहिनी आतून घोंगडी घेऊन आल्या आणि पाटाशेजारी अंथरली. "लोकरीला मडी मोडत न्हाई," त्या म्हणाल्या, "आत्याबाई सवता म्हणायच्या. तुमी दोघं भाऊ नुसते पट्ट्यावर भांडताव." आत्याबाई म्हणजे आमची आई. तिचं नाव निघाल्यावर अण्णांनी घोंगडीची सुरकुती हाताने सारखी केली.

राहिला पट्टा. तो सगळा रोज धुऊन वाळणं शक्य नव्हतं. पुढच्या नमुन्यात मी आतलं अस्तर सुटं केलं. जुन्या धोतराचं, मऊ सुती. बटणं काढली की अस्तर वेगळं, बाहेरचा पट्टा वेगळा. जोडीला दुसरं अस्तर दिलं. एक लावायचं, एक धुवायचं, कोणाचा हात लागू नये म्हणून उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं, बाहेरचा पट्टा ओल्या फडक्याने पुसायचा. लातूरच्या उन्हाळ्यात घामाने जांघ सोलून निघते, तेही यातूनच सुटलं. पुढे लातूरचा एक व्यापारी हा पट्टा विकायला घ्यायला तयार झाला, पण म्हणाला, दुसरं अस्तर काढून टाका, भाव कमी होईल. मी नमुने पिशवीत घातले आणि उठलो. तो जिन्यापर्यंत मागे आला.

अस्तराचा नमुना घेऊन मी पुन्हा उदगीरला मुक्कामाला गेलो, त्या सकाळी अण्णा घोंगडीवर आडवे झाले. पाय दुमडून थोडा वेळ पडून राहिले, मग अस्तर लावलेला पट्टा बांधला, कुशीवर वळून उठले आणि पाटावर मांडी घातली. तळहातावर लिंग घेतलं. पूजा इतकी लांबली की ऊन ओट्यावर आलं. मला चहासुद्धा मिळाला नाही, कारण त्यांच्याआधी त्या घरात कोणी काही घेत नाही. मी दाराशी बसून त्यांची पाठ बघत होतो. लहानपणी मी असाच बसायचो, त्या पाठीला टेकून. शेवटी ते उठले. मी वाट बघत होतो की काहीतरी म्हणतील.

"दुसऱ्या रंगात न्हाई का?" ते म्हणाले. "ह्यो लई उठून दिसतोय."

धोतराच्या आतला पट्टा कोणाला दिसणार होता?

त्यानंतर अण्णा हिंडायला लागले. मठातल्या पंगतीला बसले, निलंग्याच्या साखरपुड्याला बसले, देगलूरला बारशाला बसले. कोणी विचारलं तर सांगायचे, बाजारातून आणलाय. मला सगळ्या बातम्या पोचत. मी केलेल्या पट्ट्यावर ते सगळ्यांच्या पंगतीत बसत होते, फक्त माझ्या घरचं नाव नाही. बायको म्हणायची, फोन करा. मी म्हणायचो, माल पोचलाय, आता चुकतं त्यांनी करायचं.

मग लातूरला एका नात्यातल्या लग्नात आम्ही पंगतीत शेजारी आलो. वाढपी वरण घेऊन पुढे सरकला, तसं माझ्याने राहवलं नाही. मी हळू आवाजात म्हणालो, अण्णा, ठरलं होतं ते राहिलंय.

त्यांनी भात कालवणं थांबवलं नाही.

"तू मला जेवायला बोलावलंस कधी?" ते म्हणाले. "तू सौदा केलास. सौद्याचं जेवण मी आडतीवर लई खाल्लंय."

मला राग आला. आजही येतो. सौद्यात वाईट काय आहे? दोघांनाही माहीत असतं, काय द्यायचं आणि काय घ्यायचं. मी ताटावरून उठणार होतो, पण शेजारी अण्णा मांडी घालून बसले होते आणि ती मांडी मोडेल असं काही करायला मी धजलो नाही. मी भात खाल्ला. तो गोड लागला की अळणी, मला सांगता येणार नाही.

पुढच्या सोमवारी मी उदगीरला गेलो. पट्टा नेला नाही, नमुना नेला नाही. ओट्याखालीच चप्पल काढली, वर जाऊन त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "अण्णा, घरी जेवायला या."

"काय आणलंस?"

"काय न्हाई. बोलवायला आलोय."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग अण्णा म्हणाले, "हाव. येतो."

त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. अण्णांचं हृदय आणखी थकलंय. ओट्याच्या पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. मी गाडी घेऊन येतो म्हटलं, तर म्हणतात, जरा ऊन उतरू दे, जरा सूज उतरू दे. पूजा मात्र खाली बसूनच होते, वहिनी सांगतात. उदगीरला मी जातो, त्यांच्या घरी त्यांच्यासमोर बसून जेवतो, तरी माझं समाधान होत नाही. मला त्यांना माझ्या घरात, माझ्या फरशीवर बसलेलं बघायचं आहे.

दुपारी त्यांचा फोन येतो. विचारतात, आज काय केलंय? मी सांगतो, ज्वारीची भाकरी, येसर आमटी, मेथीची भाजी. सणावाराला हुग्गीही सांगतो. ते ऐकून घेतात, श्वास लागलेला ऐकू येतो.

काल म्हणाले, "आमटीत तिखट कमी घालायला सांग तिला. मला सोसत न्हाई आता."

मी बायकोला सांगितलं. कालपासून आमच्या घरी आमटीत तिखट कमी असतं.