बारा दिवसांचा वर्ग, एकच जागा

ऑफिसातल्या कागदांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं. अमुक फाइल पाच वर्षं ठेवायची, तमुक दहा वर्षं, मग यादी करून जाळायची. किश्शांना मात्र कोणी मुदत घालून दिलेली नाही, त्यामुळे ते साठतच जातात. नागपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. लोक विचारतात, "काय हो, कॉलेजच्या ऑफिसात असं काय घडणार?" अहो, घडत काहीच नाही! काहीतरी घडेल या भीतीनेच निम्मी नोकरी निघून जाते. सत्तरच्या दशकातल्या एका प्रशिक्षण वर्गाचं एवढंच सांगतो. बारा दिवसांचा वर्ग, पण मी आयुष्यभर पुरवून पुरवून सांगत आलोय.

आमच्या ऑफिसात आम्ही चौघं. बक्षी साहेब म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंट. कुमुदताई टायपिस्ट. गजभिये बाबू सीनियर क्लार्क आणि मी, ठोंबरे, ज्युनियर. गजभिये बाबू सहा वर्षं सीनियरच्या जागेवर होते, पण 'तात्पुरते'. दर वर्षी त्यांची ऑर्डर संपायची आणि नवी निघायची, आणि जुनी संपत आली की नवी हातात येईपर्यंत हा माणूस चहासुद्धा सोडायचा. जागा एकच होती. त्यांच्या मागे नंबर माझा. ते कायम झाले तर मी तिथेच राहणार, नाही झाले तर ती खुर्ची माझी. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर कधी बोलत नव्हतो.

* * *

एके दिवशी परिपत्रक आलं. महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयीन कामकाजाचा वर्ग, बारा दिवस, शेवटी परीक्षा. बक्षी साहेबांनी ते उभं राहून वाचलं. शेवटचं वाक्य होतं, 'तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम करताना सदर परीक्षेचा निकाल विचारात घेण्यात येईल.'

'विचारात घेण्यात येईल' याचा अर्थ काय, यावर तासभर काथ्याकूट झाली. कुमुदताई म्हणाल्या, नापास झालं की घरी. बक्षी साहेब म्हणाले, "असं डायरेक्ट घरी नाही पाठवत, आधी मेमो देतील." याने कुणालाही धीर आला नाही.

गजभिये बाबूंचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "घाबरलात का हो?"

त्यांनी कागद ओढून घेतला. म्हणाले, "घाबराचं मंग पाहू गा. आधी आवकमध्ये चढवू दे!"

आणि खरोखर नंबर टाकला, तारीख टाकली, शिक्का मारला, आणि मगच पाणी मागितलं.

* * *

बक्षी साहेब सोडून आम्ही तिघांनी जायचं, सकाळी ऑफिस आणि दुपारी वर्ग, असा बेत होता. शिकवायला वझलवार सर, मोठ्या ऑफिसातून रिटायर झालेले. आवाज असा की मागच्या बाकावरचा माणूससुद्धा उगाच शर्टाची बटणं तपासायचा.

वर्गात उमरेडच्या एका कॉलेजचे हेडक्लार्क होते. रोज एस.टी.ने यायचे. त्यांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं. पहिल्याच दिवशी उभे राहून म्हणाले, "साहेब, मले काहून पाठवलं, हे मले समजून नाही राहिलं."

सर म्हणाले, "शिकायला वय नसतं."

"वय नसते साहेब," हेडक्लार्क घड्याळाकडे बघत म्हणाले, "पण उमरेडची शेवटची गाडी असते!"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि आमचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी काय लिहिलं या काळजीने उमरेडकरांनी पुढचे तीन दिवस तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की सरांनी त्यांच्या गाडीची वेळ लिहून घेतली होती. त्या दिवसापासून वर्ग पंधरा मिनिटं आधी सुटायला लागला.

* * *

कुमुदताईंची गोष्ट वेगळीच. बाईंचा स्पीड जबरदस्त, पण आमच्या ऑफिसचं मशीन जुनं. त्यातलं एक बटण एकदा दाबून उमटायचं नाही, दोनदा दाबावं लागायचं. दहा वर्षांत बोटांना तीच सवय लागली. वर्गात चाचणीला दिलं नवंकोरं मशीन! एका पानात त्या अक्षराची जिथे तिथे जोडी. सरांनी लाल पेन्सिलीने गोल केले तर पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

ताई रडकुंडीला आल्या. "माझं मशीन द्या, मग बघा! परक्या मशीनवर कसली परीक्षा घेता?"

सर म्हणाले, "आणा."

आणा म्हणणं सोपं. पण कॉलेजचं मशीन बाहेर न्यायचं तर गेटपास पाहिजे. बक्षी साहेबांनी उभ्या जन्मात मशीनचा गेटपास दिला नव्हता. मशीन हरवलं तर? रिक्षातून पडलं तर? शेवटी ताईच म्हणाल्या की मी मांडीवर घेऊन बसते, मग काय होणार आहे! साहेबांनी बराच विचार करून पास लिहिला, तो मी डोळ्यांनी वाचलाय: 'टंकलेखन यंत्र एक, सोबत श्रीमती कुमुद एक. दोन्ही सायंकाळी सुस्थितीत परत आणण्याच्या अटीवर.'

* * *

आता माझं स्वतःचं ऐका.

वझलवार सरांनी घरचा अभ्यास दिला, उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस लिहा. नाव कुणाचंही घाला म्हणाले. मला त्या क्षणी एकच नाव सुचलं. बक्षी साहेब! खरंच रोज उशिरा यायचे ते. मी झोकात मसुदा लिहिला, 'आपण वारंवार विलंबाने उपस्थित होता', आणि खाली प्राचार्यांच्या सहीच्या जागी पद्धतीप्रमाणे 'सही/-' असं लिहून टाकलं. सकाळी तो कागद टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो. आमचा शिपाई महादेव मोठा कामसू. टेबलावर उताणा कागद दिसला की जावकमध्ये चढवायचा, पाकिटात घालायचा आणि पोचवायचा. त्याने पोचवला.

हे मला कळलं दुपारी वर्गाला निघताना, तेही साहेबांनी प्राचार्यांना लिहिलेलं उत्तर माझ्याकडच्या टपालात आल्यावर!

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी उत्तर लिहिलं होतं. दोन पानी. 'चार महिन्यांपासून पत्नी अंथरुणाला खिळून आहे, सकाळचं सर्व करून निघावं लागतं, प्रतापनगरहून सायकलने येतो, यापुढे असे घडणार नाही, कृपया सेवापुस्तकात नोंद घेऊ नये.' आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्याला आम्ही वाघ समजत होतो तो माणूस 'कृपया' लिहून बसला होता, आणि कोणाला? मला!

मी ते पत्र घेऊन गजभिये बाबूंकडे पळालो. म्हटलं, "मेलो! आता काय करू? जाऊन पाय धरू?"

त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. चष्मा पुसला. मग म्हणाले, "पाय धरशीन तर त्यायले समजन का तुले समजलं. ते त्यायले जास्त लागन. असं नको करू."

"मग?"

"उत्तर समाधानकारक हाये. प्रकरण बंद कर."

त्यांनी स्वतः तसं उत्तर तयार केलं, पुन्हा 'सही/-', आणि महादेवकडून पाठवलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा, फार दिवसांनी, गुणगुणत होते.

* * *

असे हे गजभिये बाबू. पण वर्गात त्यांचं तोंड उघडायचं नाही. नियम सगळे पाठ, कलम-पोटकलमासकट. मला आवक-जावकपासून सेवापुस्तकापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलेलं. पण वझलवार सरांनी नाव घेऊन विचारलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. एकदा तर म्हणाले, "साहेब, लेखी विचारा ना. लेखी उत्तर देतो."

त्यांचं गाव बेसा, नागपूरजवळचं, तेव्हा खेडंच होतं. तिथून ते सायकलने यायचे. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या म्हाताऱ्या आईने चहा दिला आणि मलाच विचारलं, "काहो बाबू, माहा पोरगा पक्का कवा होईन?"

मी म्हटलं, "होतील की, आई."

"घरान्यात पयला हाये तो खुर्चीवर बसनारा. पन मी गावात अजून सांगत नाही. लोकायले म्हनतो, जाते कॉलेजात. नौकरीवर हाये म्हनून पक्का झाल्यावरच सांगीन. आधी सांगतलं अन् काढलं तर?"

गजभिये बाबू सायकलची चेन साफ करत होते. साफ झालेली कडी त्यांनी पुन्हा पुसली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी परत येताना मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी दुसरंही वाटलं. परीक्षेत ते अडखळले तर जागा माझी, हे मनात आलंच. मनाला लाज वाटली म्हणून ते यायचं थांबत नाही. माझ्याही घरी विचारणारी माणसं होती.

* * *

शेवटचा दिवस. परीक्षा.

पहिला प्रश्न सगळ्यांना सारखा, तो दोन वाजेपर्यंत उरकला. दुसरा प्रश्न प्रत्यक्ष काम. सरांनी सगळ्या कॉलेजांकडून वर्षानुवर्षं रखडलेल्या खऱ्याखुऱ्या फाइली मागवून घेतल्या होत्या. म्हणाले, "प्रत्येकाला एक फाइल. वाचा आणि टिपणी लिहा. ज्याची टिपणी नियमाला धरून असेल ती मी तशीच त्या त्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे आदेशासाठी पाठवणार आहे. तसं बोलणं झालेलं आहे. तेव्हा खेळ समजू नका!"

आणि गठ्ठ्यातून वरची उचलत, नावही न बघता, एकेक फाइल वाटत गेले. मला रजेच्या अर्जाची आली. किरकोळ. मी दहा मिनिटांत लिहून टाकलं.

गजभिये बाबू माझ्या तीन बाकं पुढे. त्यांनी फाइल उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली. मग उत्तरपत्रिकेवर चार ओळी लिहिल्या, उठले, फाइल आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला, आणि जागेवर येऊन हात जोडल्यासारखे बाकावर ठेवून बसले. अर्धा तास उरला होता. त्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं. माझ्या मनात आलं, संपलं.

सरांनी कागद वाचला. फाइल चाळली. मग उठून थेट माझ्याकडे आले. फाइल आणि त्यावर तो कागद माझ्यासमोर ठेवून हळूच म्हणाले, "तुम्ही एकाच ऑफिसातले ना? तुमचं लिहून झालेलं दिसतंय. ही घ्या."

कागदावर गजभिये बाबूंचं ते टपोरं अक्षर होतं:

'सदर प्रकरण माझ्या स्वतःच्या सेवेत कायम होण्याबाबतचे आहे. स्वतःच्या प्रकरणी मला टिपणी सादर करता येत नाही. प्रकरण अन्य लिपिकाकडे सोपवावे, ही विनंती.'

मी फाइल उघडली. सहा वर्षांचे शेरे, सगळे एकच, 'कृपया बोलावे', 'कृपया बोलावे'. कोणीच कोणाशी बोललं नव्हतं. अडलेलं एवढ्यावरच होतं की दोन ऑर्डरींमध्ये एका दिवसाचा खंड पडला होता. खंड धरला तर सेवा तुटली, कायम होता येत नाही, जागा मोकळी. खंड माफ केला तर त्यांचा हक्क. नियम दोन्हीकडे होता. कुठलाही लिहिला असता तरी मला कोणी चूक म्हटलं नसतं.

पहिली ओळ मी लिहून खोडली. पुढे त्यांची मान दिसत होती, कॉलरजवळ शाईचा एक डाग होता. मी लिहिलं:

'खंड आदेश उशिरा निघाल्यामुळे पडलेला आहे, त्यात कर्मचाऱ्याचा दोष नाही. खंड क्षमापित करून श्री. गजभिये यांना कायम करण्यास हरकत नसावी. आदेशार्थ सादर.'

खाली सही केली. पूर्ण, नावासकट.

बाहेर सायकल स्टँडवर ते कुलूप काढत होते. म्हणाले, "गेलं गा माह्या हातचं, ठोंबरे. एक प्रश्न पुराच सोडला."

मी माझी सायकल बाहेर ओढली.

"तुले कोनता आला होता?"

"रजेचा अर्ज."

"सोपा होता मंग," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "सोपा होता."